जुनी वाद्यं ऑनलाइन घेताना-विकताना : कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

‘विकणे आहे’ची जाहिरात दिसली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. पेटी बघून सांगता का, तबला ठीक वाटतो का, एवढे पैसे जास्त नाहीत ना. मी दुकानदार नाही. साथीला पेटी वाजवतो आणि सवड असली की लोकांबरोबर वाद्य बघायला जातो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

वाद्य ऑनलाइन घ्यावं का? की दुकानातूनच घेतलेलं बरं?

शोध ऑनलाइन घ्या, व्यवहार हात लावून करा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढची उत्तरं त्याचाच विस्तार.

वाद्यावाद्यात फरक आहेच. कीबोर्ड, मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर ही कारखान्यातली वस्तू, एका मॉडेलचे दोन नग सारखेच असतात, त्यामुळे नवीन घ्यायचं असेल तर ऑनलाइन मागवायला हरकत नाही. पेटी, तबला, सतार यांचं तसं नाही. एकाच कारागिराने एकाच आठवड्यात केलेले दोन तानपुरेही वेगळे बोलतात.

नवी सतार किंवा तानपुरा हवा असेल तर कोल्हापूरकराने ऑनलाइन कशाला शोधावा, हेच मला कळत नाही. मिरज पन्नासेक किलोमीटरवर आहे. देशभरातले कलाकार जिथे वाद्यं करून घ्यायला येतात, ते गाव आपल्या शेजारी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे गेलात की पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रांगेने टांगलेले दिसतात, चार वाद्यं छेडून बघता येतात आणि कारागिराला आपली पट्टी, म्हणजे आपल्या गळ्याचा सूर, सांगता येते. जाहिरातीत नुसतं ‘मिरज मेड’ लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. कोणाकडे केलं, केव्हा केलं, हे विचारा.

जाहिरातीतल्या फोटोवरून काय कळतं?

रंग कळतो.

थट्टा बाजूला ठेवली तरी फार काही कळत नाही हे खरंच. म्हणून विक्रेत्याकडे फोटो मागायचे ते आपल्याला हवे तसे: पेटी असेल तर वरची जाळी काढून आतला, तबला असेल तर शाईचा (मधल्या काळ्या गोलाचा) जवळून आणि खोडाचा (लाकडी भांड्याचा) खालून, सतार असेल तर दांडीच्या टोकाकडून एका रेषेत घेतलेला. टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

आवाजासाठी व्हिडिओ कॉलवर विसंबू नका. आपण बोलत असताना मागचा गोंगाट ऐकू येऊ नये म्हणून या कॉलमध्ये सलग चालणारा आवाज दाबला जातो. तानपुऱ्याचा किंवा पेटीचा लांब सूर त्या यंत्रणेला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो आणि ती तो कापून टाकते. चांगलं वाद्यही मग कॉलवर मुकं वाटतं. त्यापेक्षा फोनवर रेकॉर्डिंग करून ती फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती दाबून लहान होत नाही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला विक्रेत्याने आजची तारीख बोलावी. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा जुना व्हिडिओ गळ्यात पडत नाही.

जुनी पेटी नेमकी कशी तपासायची?

घाई न करता. चांगला अर्धा तास हाताशी ठेवा आणि शांत खोली मागून घ्या. रंकाळ्यावर भेटू, भवानी मंडपात भेटू असं लोक सांगतात. मोबाइल घ्यायला ठीक आहे. पेटी वारा आणि रिक्षांचे हॉर्न यांत ऐकू येत नाही.

आधी सगळे स्टॉपर (हवा सोडायच्या, ओढायच्या मुठी) बंद करून भाता मारा, पोट भरलं की हात काढा आणि बघा. हवा लगेच बसली तर कुठेतरी गळती आहे. मग सगळे स्टॉपर उघडा, एकही पट्टी दाबू नका आणि पुन्हा भाता मारा. आपोआप सूर वाजायला लागला तर त्या पट्टीखालचं चामडं किंवा स्प्रिंग गेली आहे. हे दोन्ही दुरुस्त होतं, पण पैसे लागतात, ते किमतीतून वजा झाले पाहिजेत.

मग एकेक पट्टी. सुरांचे संच वेगवेगळे ऐका: बास (खालचा) वेगळा, मेल (मधला) वेगळा, तीन सुरांची पेटी असेल तर फीमेलही (वरचा) वेगळा. जोरात हवा मारून तर कुठलीही पेटी वाजते. अगदी हलका भाता मारून पट्टी दाबा. चांगला सूर कमी हवेतही लगेच बोलतो, आजारी सूर जरा वेळ घेतो किंवा आधी नुसती हवा सोडतो. कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दबते ती सोय, लावून बघा. त्यात बहुतेक वेळा एखादी तरी तार वाकलेली असते.

त्यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने वरचं झाकण काढायचं. सुरांच्या पितळी पात्यांवर कानशीचे ताजे ओरखडे दिसले तर ते सूर पुन्हा पुन्हा घासून मिळवलेले आहेत. घासून घासून पातं पातळ होतं आणि एक दिवस तुटतं. ‘जर्मन सूर’ हे दोन शब्द जाहिरातीत फुकट लिहिता येतात. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असले तरी ते वाईट असतात असं नाही. पण जर्मनचे पैसे द्यायचे असतील तर सूर उघडून, जाणकाराला दाखवूनच द्या.

शेवटी मोबाइलवरचं ट्यूनर लावा. जुनी पेटी ४४० ला (ट्यूनरच्या प्रमाण सुराला) नसेल, थोडी चढी किंवा उतरी असेल. सगळी सारखीच चढी असेल तर एकट्याने रियाज करायला काही बिघडत नाही. कीबोर्डबरोबर किंवा ट्रॅकवर वाजवायची असेल तर मात्र अडचण येते. एकच सप्तक चढं आणि बाकीची उतरी असतील तर पेटी सुरात मिळवायचा खर्च धरून बोला.

स्केल चेंजरबद्दल, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलायच्या सोयीबद्दल, वेगळं विचारतात. रोज एकाच गळ्याबरोबर वाजवणार असाल तर त्याची गरज नाही. वजन वाढतं आणि बिघडायला आणखी एक जागा होते.

पुरात भिजलेलं वाद्य ओळखायचं कसं?

हा प्रश्न इतर शहरांत कुणी विचारत नसेल, इथे विचारावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शहराच्या सखल भागांत आणि शिरोळकडच्या गावांत कितीतरी घरांतली वाद्यं त्या वेळी पाण्यात होती. त्यातली काही वाळवून, पॉलिश करून अजूनही फिरताहेत.

बाहेरून पेटी आरशासारखी चकचकीत आणि आतून वास कुबट, हे पहिलं लक्षण. गेल्या वर्षी अशीच एक पेटी बघायला गेलो होतो. वर नवं पॉलिश, नवी जाळी, भात्याला नवं कापड. सुरांची फळी उचलली तर खालच्या कोपऱ्यात बोटभर उंचीवर गाळाची एकसारखी रेघ होती. पुसायला ब्रश पोचत नाही अशी ती जागा. विक्रेत्यालाही माहीत नव्हतं, त्याने कुणाकडून तरी घेतली होती. आम्ही झाकण लावलं, चहा घेतला आणि परत आलो.

प्लायवूडचे थर सुटलेले, स्क्रूच्या डोक्यांवर गंज, चामडं कडक होऊन वाकलेलं, पट्ट्या एकमेकींना घासणाऱ्या, ही बाकीची चिन्हं. तबल्याच्या खोडाला पाण्याने सहसा फार होत नाही. सतारीचे डिंकाने जोडलेले सांधे मात्र सुटतात. आणि एक उलटी गोष्ट: ऐन जुलै-ऑगस्टमध्ये पेटीच्या पट्ट्या थोड्या जड झाल्या किंवा तबला उतरला, तर तो पाऊस आहे. त्यावरून वाद्य नाकारू नका.

तबल्याची जोडी घेताना काय बघायचं?

पुडी (वरचं मढवलेलं चामडं) बघू नका, खोड बघा. पुडी ही बदलायचीच वस्तू आहे, आज चांगली असली तरी वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागणार. विक्रेता ‘कालच नवी पुडी घातली’ म्हणून भाव वाढवतो, त्याला पुडीचे तेवढे पैसे द्या, त्याहून जास्त नाही. खोड शिसमचं आहे का, भेग आहे का, तळाला कीड लागून भुसा पडतोय का, काठ सगळीकडून सारखा आहे का, हे महत्त्वाचं. हातात घेतल्यावर जड लागलं पाहिजे. भेगेत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून वर पॉलिश मारलेलं असतं, ते नखाने कळतं.

शाईवर बोट फिरवा. खवले उठले असतील, किंवा ‘तिं’ वाजवल्यावर बारीक कुरकुर येत असेल तर शाई सुटली आहे. तबला सगळ्या घरांवर (कडेच्या भागांवर) एका सुरात मिळतो का, ते हातोडी घेऊन बघाच. एक घर मिळवलं की समोरचं उतरतं असं सारखं होत असेल तर गजरा (कडेची चामड्याची वेणी) किंवा काठ वाकडा आहे.

डग्गा तांब्याचा म्हणून सांगितला आणि उचलल्यावर हलका लागला तर खिशातला चुंबक लावून बघा. लोखंडावर मुलामा असेल तर चिकटेल.

कोणत्या पट्टीचा तबला किंवा तानपुरा घ्यावा?

शिकवणाऱ्या गुरुजींना विचारा, जाहिरात देणाऱ्याला नको. सुरांची नावं पेटीच्या पट्ट्यांवरून पडली आहेत. पुरुषांचे गळे बहुधा पांढरी एक, काळी एक, पांढरी दोनच्या आसपास, बायकांचे काळी चार-काळी पाचच्या आसपास. तबल्याचं तोंड जितकं मोठं तितका सूर खाली. साडेपाच इंची तोंडाचा तबला साधारण काळी एकला लागतो. तीन-साडेतीन पट्ट्या वर ओढला तर पुडी फाटेल, तितका खाली सोडला तर थपडीसारखा वाजेल. स्वस्त मिळाला म्हणून चुकीच्या पट्टीचा तबला घेणारे दरवर्षी भेटतात.

जुनी सतार किंवा तानपुरा?

दांडी सरळ आहे का एवढं आधी. तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकते, मग वरच्या पडद्यांवर तार फार उंच राहते आणि बोट दुखतं. त्यावर सोपा उपाय नाही. भोपळ्याला बारीक तडा असेल तर कारागीर आतून सांधतो, पण गुलूजवळचा, म्हणजे भोपळा आणि दांडीच्या सांध्यातला तडा असेल तर हात जोडून निघा. जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासून साधलेला माथा) गेलेली असेल तर घाबरू नका, ती काढून मिळते. खुंट्या घसरत असतील तर त्याही बसवून मिळतात.

बेंजो पार्टीतला ऑक्टापॅड किंवा कीबोर्ड घ्यावा का?

ऑक्टापॅड म्हणजे टिपऱ्यांनी वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. लग्नसराई संपली की या जाहिरातींचा पूर येतो. रोलँडचा एसपीडी-२० आणि एसपीडी-३० जास्त. यंत्र टिकाऊ असतं, पण ते वरातीत, धुळीत, जनरेटरच्या वीजपुरवठ्यावर चाललेलं असतं हे विसरू नका. आठही पॅड हळू, मध्यम, जोरात असे वाजवा. एका टिपऱ्याला दोन ठोके उमटतात का, शेजारचा पॅड आपोआप वाजतो का, हेडफोन लावून ऐका. वायर लावायची भोकं हलवून बघा, खरखर तिथूनच येते. ॲडॅप्टर मूळचा आहे का ते विचारा. सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट करायला सांगा. विक्रेता ‘आमचे टोन जातील’ म्हणाला तर म्हणणं रास्त आहे, आधी त्याला ते काढून घेऊ द्या. कीबोर्डमध्ये एक पट्टी जरी मुकी असली तरी आतली रबरी पट्टी गेलेली असते. सुटा भाग मिळतो का ते सौद्याआधी बघा, नंतर नाही.

आमच्या वाड्यात आजोबांचा तानपुरा आहे. ‘मोठ्या उस्तादांचा’ म्हणतात. किती येतील?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. शाहू महाराजांच्या दरबारात गायक अल्लादियाखाँसाहेब होते, देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, तेव्हा कुठल्या तरी माळ्यावर खरोखरच एखादं मोलाचं वाद्य असू शकतं. पण गोष्टीला भाव मिळत नाही, पुराव्याला मिळतो. जुना फोटो, पत्र, पावती, कारागिराची चिठ्ठी असं काही असेल तर ते जपा आणि विकायच्या आधी एखाद्या जाणत्या संस्थेला दाखवा. काहीच नसेल तर तो एक जुना तानपुरा आहे, आणि वाजत नसेल तर शोभेची वस्तू आहे.

जुन्या सतारीवर हस्तिदंताची नक्षी आहे. जाहिरात टाकू का?

टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे, वस्तू वारशाने आलेली असली तरी विकता येत नाही. सांबरशिंगाच्या घोडीचंही तसंच. उंटाच्या हाडाची घोडी असेल तर प्रश्न नाही, पण ती तशीच आहे याची कारागिराकडून खात्री करून घ्या.

आणि दिमडी, हे हातात धरून वाजवायचं छोटं चर्मवाद्य. जुन्या दिमड्या घोरपडीच्या कातड्याने मढवलेल्या असतात. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. ‘ओरिजिनल घोरपड’ अशी जाहिरात देणारा स्वतःहून वनखात्याला पत्ता देतो आहे. बकऱ्याच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या.

किंमत किती सांगावी?

आधी त्याच दर्जाच्या नव्या वाद्याचा आजचा भाव दोन ठिकाणी विचारा. मग दुरुस्तीचा खर्च वजा करा. मी स्वतः जुन्या पेटीसाठी नव्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करतो आणि पेटी खरंच चांगली असेल तर वर जायला तयार असतो. नाव असलेल्या कारागिराचं वाद्य याला अपवाद, त्याचा भाव वर्षांबरोबर उतरत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मात्र झपाट्याने उतरतो. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला तर आता गिऱ्हाईकच नाही, लोक मोबाइलवर ॲप लावतात.

‘लास्ट किती?’ एवढाच मेसेज पाठवणाऱ्याला मी उत्तर देत नाही. ‘दादा, पेटी बघायला कधी येऊ?’ असं विचारणाऱ्याला पाचशे रुपये कमी करायला जीव होतो.

जाहिरात कशी लिहावी?

दोष लिहून. हसू नका, लवकर विकलं जातं. उदाहरणार्थ:

‘पेटी, साडेतीन सप्तक, बास-मेल, कपलर आहे. घेऊन आठ वर्षं झाली, बिल आहे. मंद्रातला एक सूर हलक्या हवेत उशिरा बोलतो. भात्याचं कापड एका कोपऱ्यात विरलं आहे. पुराचं पाणी लागलेलं नाही. राजारामपुरीत घरी येऊन वाजवून बघा, संध्याकाळी सहानंतर. पाठवणार नाही.’

‘अर्जंट सेल’, ‘मिंट कंडिशन’, ‘फक्त जेन्युइन बायर’ यांतलं काहीच नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळलं. घराचा पूर्ण पत्ता मात्र जाहिरातीत देऊ नका, फोन आल्यावर द्या.

पैसे आधी मागतात. द्यावेत का?

नाही. वाद्य हातात, मग पैसे. फार तर परत मिळेल असं लेखी ठरवून थोडी इसार रक्कम, तीही ओळखीचा माणूस मध्ये असेल तरच.

विकणाऱ्यांची फसवणूक उलट बाजूने होते. फोन येतो, ‘मी लष्करात आहे, बदली झाली, मुलीसाठी पेटी हवी, बघायला येता येत नाही, पैसे आत्ताच पाठवतो.’ सोबत ओळखपत्राचा फोटो. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घराघरांतून माणसं फौजेत आहेत, त्यामुळे आपण लगेच विरघळतो. मग एक क्यूआर कोड येतो: ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉटही खरा मानू नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

फसलात तर लाजून बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जायच्या आधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

वाद्य चोरीचं किंवा मंडळाचं निघालं तर?

चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटण्याजोगं कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. बिल नसेल तर साध्या कागदावर विक्रीची पावती करा: दोघांची नावं, वाद्याचं वर्णन, अनुक्रमांक असेल तर तो, रक्कम, सह्या. पखवाजावर किंवा पेटीवर ‘अमुक भजनी मंडळ’ असं रंगवलेलं नाव खरवडलेलं दिसलं तर मंडळाच्या ठरावाची प्रत मागा. एखादा पदाधिकारी रागावेल, रागावू द्या.

घेतल्यावर बिघाड निघाला. परत देता येईल?

दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलं असेल तर ग्राहक कायदा तुमच्या बाजूने आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. घरगुती विक्रेत्याकडून घेतलं असेल तर जे बोललात आणि लिहून घेतलंत तेवढंच. म्हणून पावतीवर ‘आठ दिवसांत आतला दोष निघाल्यास परत’ असं एक वाक्य घालून बघा. चांगला विक्रेता सहसा नाही म्हणत नाही.

पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवायचं कसं?

शक्यतो त्याला बोलवा, किंवा कुणी जाणारं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने हातात द्या. ट्रॅव्हल्सच्या डिकीत ऑक्टापॅड जाईल, तानपुरा नाही. पाठवायचाच झाला तर तारा दोन-तीन सूर उतरवा, घोडीखाली मऊ कापड सरकवा, भोपळ्याभोवती फोम आणि दोन खोकी, एकात एक. मधली जागा इतकी भरा की हलवल्यावर काही हललं नाही पाहिजे. ‘नाजूक’ असा कागद चिकटवून हमालाचा हात हलका होत नाही. व्हायोलिनच्या मात्र सगळ्या तारा पूर्ण ढिल्या करू नका. तारांच्या दाबावर आतला छोटा खांब उभा असतो, तो पडला तर दुरुस्तीवाल्याकडेच जावं लागतं. पेटीचा भाता पट्ट्याने बांधा, पट्ट्या आणि झाकणाच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा.

विमा घेताना भोपळा, काच असल्या नाजूक वस्तूंना तो लागू आहे का हे लेखी विचारा. आणि खोकं बंद करण्यापूर्वी वाद्य वाजवतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

अमेरिकेतल्या भाच्याला शिसमचा तबला पाठवायचा आहे. अडवतील का?

२०१७ मध्ये शिसमवर्गातली लाकडं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आली तेव्हा वाद्यंही अडकायची. नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण तयार झालेली वाद्यं आणि त्यांचे तयार भाग त्यातून वगळले आहेत. नुसतं लाकूड पाठवत असाल तर ती वेगळी गोष्ट. कातड्याबद्दल तिकडच्या कस्टमचे नियम कुरियरवाल्याकडून आधी विचारून घ्या.

घ्यायला चांगला काळ कोणता?

ढोल-ताशा गणपतीच्या आधी महाग, अनंत चतुर्दशीनंतर स्वस्त. पेट्या आणि तबले जूनमध्ये, शाळा आणि क्लास सुरू होताना महाग. दिवाळीच्या साफसफाईत घरातली न वाजणारी वाद्यं बाहेर निघतात, तेव्हा नजर ठेवा. भर उन्हाळ्यात घेतलंत तर गाडीच्या डिकीत ठेवून बाजारात हिंडू नका, उन्हाने गिटारचा ब्रिज उचकटतो.

हलगी ऑनलाइन मिळते का?

मिळते. पण हलगी, घुमकं, कैताळ ऐकत जे गाव वाढलं, तिथे ती कुरियरने कशाला मागवायची? जोतिबाच्या किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेत वाजवणाऱ्याला गाठा, कडं कुणाकडून घेतलं आणि कातडं कोण मढवून देतो ते विचारा. आधी दोन घटका ऐकून घ्या आणि मग विचारा, वाजवत असताना मध्येच नको.